डेव्हनची पाणंद आणि खडीवरची सायकल

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. विषय मात्र माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे: सायकल!

सेकंड इयरला असताना हायवेच्या कडेने सायकलवर येत होते. मागून एक टँकर आला. त्याचा आरसा माझ्या दंडाला लागला, नुसता लागला, आणि मी रस्त्याच्या खाली. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. टँकर थांबला नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त सायकल उचलून माळ्यावर टाकली. खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं, कारण त्यानंतर मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की माझे खांदे आपोआप आखडायचे. रिक्षात बसलेली असले तरी!

गेल्या वर्षी जूनमध्ये मावशीकडे जायचा योग आला. ती इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, डेव्हन परगण्यातल्या एक्झिटर शहरात असते. मावसभाऊ (मी त्याला नुसतं दादा म्हणते) सायकलवेडा. पहिल्याच रविवारी म्हणाला, "चल, तुला खडीवर नेतो." मी म्हटलं, "खडीवर? मला अजून एक हात मोडायचा नाहीये." तो हसला. पण त्या दिवशी आणि पुढच्या तीन आठवड्यांत मी जे पाहिलं, चालवलं आणि मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून समजून घेतलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

हेज म्हणजे नुसतं कुंपण नाही

डेव्हन सपाट नाही. एक टेकडी, खाली ओढा, पुन्हा टेकडी, असा सगळा प्रदेश. त्या टेकड्यांवर लहान लहान शेतं आणि प्रत्येक शेताभोवती हेज. आपण बंगल्यासमोर मेंदी लावतो तसलं नव्हे बरं का! डेव्हनची हेज म्हणजे आधी मातीचा उंच बांध, त्याला बाहेरून दगड किंवा गवताच्या ढेकळांचं अस्तर आणि बांधाच्या माथ्यावर हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, हॉली अशी काटेरी आणि बिनकाटेरी झाडं. आमच्या आजोळच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बांध असलेली पाणंद. वर झाडं एकमेकांकडे झुकलेली, मधून जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट.

एकट्या डेव्हनमध्ये अशी हेज अंदाजे ५३ हजार किमी आहे. पृथ्वीचा परीघ ४० हजार किमी, म्हणजे विचार करा! यातल्या कित्येक शेकडो वर्षं जुन्या आहेत. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाने वय ओळखायचा एक ढोबळ नियम सांगितला होता: हेजच्या ३० यार्ड लांबीत झाडाझुडपांच्या जेवढ्या जाती, तेवढी शतकं तिचं वय. नियम सगळीकडे लागू पडत नाही हे पुढे लक्षात आलं, पण दादाला अजून थांबून जाती मोजायची सवय आहे. आम्ही एका जागी सहा मोजल्या. म्हणजे अंदाजे शिवाजी महाराजांच्याही आधीची हेज!

हेज सांभाळायला कष्ट लागतात. नुसती सोडली तर झाडं उंच होऊन खालून विरळ होतात. म्हणून हिवाळ्यात फांद्या बुंध्याशी अर्ध्याहून जास्त कापतात, पूर्ण तोडत नाहीत, आणि आडव्या निजवतात. थोडी साल जोडलेली राहते, त्यातून रस चढतो आणि वसंतात नवे कोंब सरळ वर येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरवता यावीत म्हणून इंग्लंडभर हेज उपटल्या गेल्या. त्याला आळा घालायला १९९७ मध्ये नियम आले. आता शेतातली जुनी, २० मीटरपेक्षा लांब हेज काढायची तर आधी स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. २०२४ च्या नियमांनुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात, काही अपवाद सोडले तर, हेज छाटताही येत नाही, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी असतात.

शांत रस्ता आणि बिनगाड्यांचा रस्ता

पहिल्या दिवशी मी एक मोठी चूक केली. अशा एका लेनमध्ये शिरलो, ऊन गाळून येत होतं, हनीसकलचा वास, पक्षी, आणि पंधरा मिनिटांत एकही गाडी नाही. मला वाटलं, सुटलो! मी वळणावर मस्त मध्यातून चालवत होते. दादा मागून ओरडला, "डावीकडे! डावीकडे घे!" तेवढ्यात समोरून एक व्हॅन आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मी बांधाला टेकले, तो हात करून निघून गेला. काहीच झालं नाही. पण माझे खांदे पुन्हा आखडले ते तासभर सुटले नाहीत.

मग दादाने समजावून सांगितलं. तिथे वेगळी पाटी नसेल तर अशा गावाबाहेरच्या अरुंद डांबरी लेनवरही कायद्याने ताशी ६० मैलांची म्हणजे सुमारे ९७ किमीची मर्यादा असते. तेवढ्या वेगाने कुणी चालवत नाही हे खरं, पण तिथल्या हायवे कोडप्रमाणे त्या वेगाची गाडी थांबायला ७३ मीटर लागतात. आणि हेजच्या वळणावर दिसतं किती? वीस मीटर! म्हणजे जी हेज रस्ता सुंदर करते, तीच समोरची गाडी लपवते. गाड्या कमी असणं आणि गाड्या नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाड्या खरोखर नसतात त्या वाटा इंग्लंडमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या.

पहिला प्रकार ब्रायडलवे, म्हणजे मूळ घोडेस्वारांची वाट. तिथे शेतातून, जंगलातून जाणाऱ्या जुन्या वाटांवर लोकांचा वहिवाटीचा हक्क असतो, जमीन खासगी असली तरी. त्या वाटांची सरकारी नकाशावर नोंद असते. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे ब्रायडलवे. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने ब्रायडलवेवर सायकल न्यायचा हक्क दिला. अट एवढीच की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. घोडा दिसला की आम्ही लांबूनच "हॅलो" म्हणायचो, कारण न बोलता मागून येणारी सायकल घोड्याला बुजवते. (टँकरवाल्यांना हा नियम कुणी शिकवेल का?)

दुसरा प्रकार माझा लाडका.

बंद पडलेली रेल्वे

१९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातले सुमारे ५ हजार मैल लोहमार्ग बंद करा, असं त्यात सुचवलेलं होतं. पुढच्या दहा वर्षांत शेकडो गावांची रेल्वे गेली. लोक अजूनही त्या नावाने बोटं मोडतात. रूळ उखडले, पण भराव, बोगदे, पूल तसेच राहिले. १९७७ मध्ये ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमी एकत्र आले (त्यांचीच संस्था पुढे सस्ट्रान्स या नावाने ओळखली गेली) आणि ब्रिस्टल ते बाथ या बंद मार्गावर त्यांनी सायकलची वाट करायला घेतली. १९७९ मध्ये पहिला तुकडा झाला, १९८६ मध्ये पूर्ण २१ किमी.

डेव्हनमध्ये अशीच टार्का ट्रेल आहे. हेन्री विल्यमसन यांच्या १९२७ च्या "टार्का द ऑटर" या पाणमांजराच्या कादंबरीवरून हे नाव पडलं. ब्राँटन ते मीथ, जवळपास ५० किमी, एकही मोटार नाही. आम्ही एक्झिटरहून सायकली रेल्वेत टाकून बार्नस्टेपलला गेलो (हा फाटा बीचिंगच्या तडाख्यातून वाचला) आणि तिथून निघालो. आधी खाडीच्या कडेने बिडेफर्ड, तिथवर सपाट डांबर. मग टॉरिंग्टन. टॉरिंग्टनच्या पुढे डांबर संपतं, खडी सुरू होते आणि खरी मजा येते. झाडी, हेज, शेतं, आणि चाकाखाली चुर्र चुर्र असा आवाज. हा तुकडा १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेचा. प्रवासी गाडी १९६५ मध्ये बंद झाली, पण फरशा आणि सिरॅमिकच्या वस्तूंसाठी लागणारी चिकणमाती मीथकडून वाहून नेणारी मालगाडी १९८२ पर्यंत चालू होती.

मला पहिला अर्धा तास दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायची सवय जाईना. मग कधीतरी लक्षात आलं की आपण बराच वेळ मागे बघितलेलंच नाही. हे ज्यांना कधी धडक बसली आहे त्यांनाच कळेल.

चढाचं गणित

आता थोडं इंजिनिअरिंग. त्याशिवाय आमचे सर हा लेख वाचणार नाहीत!

डेव्हनच्या लेनला २० टक्के चढ सहज मिळतो, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की २० मीटर वर. रेल्वेच्या वाटेवर मात्र चढ साधारण २ टक्क्यांच्या आसपासच. कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, जास्त चढ इंजिनाला झेपत नाही. म्हणून रेल्वेवाल्यांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या. त्यांनी इंजिनासाठी केलेले कष्ट शंभर वर्षांनी माझ्या गुडघ्यांच्या कामी आले.

मी आणि सायकल मिळून ७० किलो धरा. माझ्यासारखी साधी मुलगी तासभर १०० वॅट देऊ शकते असं धरा. २ टक्के चढावर, खडीचा आणि हवेचा विरोध धरून, वेग येतो ताशी सुमारे १४ किमी. २० टक्क्यांवर तेवढ्याच शक्तीत वेग येतो ताशी अडीच किमी! एवढ्या कमी वेगात सायकलचा तोल राहत नाही, उतरून ढकलणंच बरं.

आणि गिअर? आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती ५.४ मीटर जाते. २० टक्के चढावर त्यासाठी पायडलवर सरासरी ७३ किलोचा जोर लागतो. माझं वजन त्याहून कमी आहे, म्हणजे मी पायडलवर उभी राहिले तरी ते फिरणार नाही. खडीच्या सायकलला सगळ्यात हलका गिअर पुढे ३० आणि मागे ३४ दाते असा असू शकतो. तिथे एका फेऱ्यात फक्त १.९ मीटर आणि जोर २६ किलो. काम तेवढंच, फक्त हप्त्यांमध्ये!

टायर जाड, हवा कमी, तरी वेग जास्त?

ग्रॅव्हल बाइक म्हणजे दिसायला रेसिंग सायकल, खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, साधारण ३५ ते ५० मिमी, आणि डिस्क ब्रेक. हे नाव अमेरिकेतल्या खडीच्या रस्त्यांवरून रूढ झालं. कॅन्ससमध्ये २००६ पासून २०० मैलांची शर्यत होते आणि २०२२ पासून या प्रकाराची जागतिक स्पर्धाही होते. पण इंग्लंडमध्ये कच्च्या वाटेवरून सायकल नेणाऱ्यांचा रफ स्टफ फेलोशिप हा क्लब १९५५ पासून आहे. म्हणजे कल्पना जुनीच, पॅकिंग नवं.

आपल्याला लहानपणापासून सांगतात, हवा टाइट मार, सायकल पळेल. गुळगुळीत डांबरावर हे बऱ्याच अंशी खरं आहे. टायर दबतो आणि सुटतो तेव्हा रबरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, कडक टायर कमी दबतो, तोटा कमी. पण खडीवर दुसरा हिशोब सुरू होतो. कडक टायर प्रत्येक दगडावर आख्खी सायकल आणि आख्खा माणूस वर उडवतो. पुढे जायची ऊर्जा वर-खाली नाचण्यात जाते, हात बधिर होतात ते वेगळंच. मऊ टायर दगडाला पोटात घेतो आणि पुढे जातो.

आकडे बघा. मागच्या चाकावर ४० किलो भार आहे. हवा १०० पीएसआय असेल तर टायर जमिनीला टेकतो सुमारे ६ चौरस सेंमी. ३५ पीएसआय असेल तर १६ चौरस सेंमी. भार भागिले दाब, बस्स, अकरावीचं फिजिक्स. (टायरचा स्वतःचा कडकपणा इथे धरलेला नाही.) टेकणारी जागा जवळपास तिप्पट, त्यामुळे सुट्या खडीवर पकडही चांगली. बारीक टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली तर दगडावर रिम आदळून ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून टायर जाड हवा.

आणि काटे! हेज छाटली की ब्लॅकथॉर्नचे काटे वाटेवर पडतात. आपल्याकडे बाभळीचा काटा तसा तिकडे हा. म्हणून बरेच जण ट्यूबच काढून टाकतात आणि टायरमध्ये एक पातळ चिकट द्रव घालतात. भोक पडलं की हवेबरोबर तो द्रव तिथे येऊन घट्ट होतो, भोक बंद.

खडी खडीत फरक

सिव्हिलवाल्यांनो, हा भाग तुमचा. नदीतले गोल गोटे पसरले तर गोट्यांवर चालल्यासारखं होतं, चाक घसरतं. फोडलेली, कोपरे असलेली खडी दाबली की दगड एकमेकांत अडकून बसतात. जॉन लाउडन मॅकॲडम यांनी दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं: खडी फोडलेली हवी, आणि पाणी निचरून जायला हवं. ते १८१६ मध्ये ब्रिस्टलकडच्या रस्त्यांचे सर्व्हेअर झाले होते. आपल्या पीडब्ल्यूडीच्या कागदावर ज्याला डब्ल्यूबीएम म्हणतात, त्यातला एम म्हणजे हेच मॅकॲडम! टार्का ट्रेलवर मी वाकून बघितलं. कडेला चर, पाण्याला वाट, म्हणून पावसाळी प्रदेश असूनही चिखल नाही.

आणि आपल्याकडे?

परत आल्यावर आजोळी गेले, पुरंदर तालुक्यात. मामाच्या शेताकडे जाणारी पाणंद लहानपणापासून पाहिलेली. दोन्हीकडे बांध, त्यावर निवडुंग, घायपात, बोरी, बाभळी. पण तिच्याकडे "रस्ता" म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. मामाला विचारलं, "मामा, ही कुठपर्यंत जाते?" मामा म्हणाला, "पूर्वी पार पलीकडच्या गावाला जायची. आता मधे नांगरलीय की लोकांनी."

कायदा आपल्याकडेही आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये बांधावरून शेतात जायच्या वाटेची तरतूद आहे, निर्णय तहसीलदार देतो. २०२१ मध्ये राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजनाही आणली. हे सगळं अर्थातच सायकलसाठी नाही. ऊस बाहेर निघावा, पावसाळ्यात बैलगाडी रुतू नये यासाठी आहे, आणि तेच आधी महत्त्वाचं. पण पाणंद नकाशावर राहिली, मोकळी राहिली, तिच्यावर खडी-मुरूम पडला, तर त्याच वाटेने शाळेतली पोरंही हायवेला न लागता सायकलवर जातील. डेव्हनमधली वाट सुंदर आहे ती काही आपोआप नाही. कुणीतरी हेज निजवली, कुणीतरी कायदा करून घेतला, कुणीतरी रेल्वेचा भराव विकू दिला नाही. एक्झिटर ते ओकहॅम्टन ही नियमित प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली होती. मार्ग टिकवला म्हणून २०२१ मध्ये ती पुन्हा रोज धावू लागली. आता लोक गाडीने ओकहॅम्टनला उतरतात आणि पुढच्या, रूळ काढलेल्या तुकड्यावरून सायकलने जातात. वाट एकदा नांगरली गेली की यातलं काहीच करता येत नाही.

आता प्रश्न, "ग्रॅव्हल बाइक केवढ्याला पडते?" राहू द्या हो! मी ती घेतली नाही, परवडतही नाही. माझ्याच जुन्या सायकलला फ्रेममध्ये बसतील तेवढे जाड, ३८ मिमीचे टायर लावले, हवा कमी केली आणि मागचं फ्रीव्हील जास्त दात्यांचं घेतलं. तुम्हाला करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: टायर घेण्याआधी फ्रेममध्ये जागा मोजा, हवा टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली नेऊ नका, आणि बाभळीचा विचार करून पंक्चरचं सामान जवळ असू द्या.

सायकल माळ्यावरून कुणी काढली, विचाराल तर बाबांनीच. मी त्यांना डेव्हनचे फोटो दाखवले, मग मामाच्या पाणंदीचे. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हायवेला जाणार नसशील तर..." वाक्य पूर्ण केलं नाही, शिडी आणायला गेले.

मागच्या रविवारी टेम्पोत सायकल टाकून आजोळी नेली. पाणंदीने चार किमी गेले, जिथे नांगरली आहे तिथपर्यंत. तिथे उतरले, सायकल उचलली आणि बांधावरून पलीकडे गेले. पलीकडे वाट अजून आहे. पुढच्या वेळी कोण येतंय बरोबर?